तिसऱ्याचे चाक

सायकलच्या ट्रॅकवर चार जणांच्या संघाची एक शर्यत असते, तिला टीम परसूट म्हणतात. चौघे एकाच वेळी सुटतात, एकामागे एक होऊन चार किलोमीटर जातात, आणि तिसऱ्या गड्याचे पुढचे चाक रेषेवर आले की घड्याळ थांबते. चौथा तोवर कुठे आहे, दमून वरच्या कठड्याला टेकला आहे की अर्धी फेरी मागे एकटाच पाय मारतो आहे, याच्याशी घड्याळाला देणेघेणे नसते. आमच्या चौकडीतला तो चौथा मी आहे.

चौकडीची ओळख थोडक्यात करून देतो. नावे देत नाही, कारण आम्ही एकमेकांना नावाने हाक मारतच नाही. सर्वांत वडील मास्तर. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात, वय 53, आणि स्टॉपवॉच, वही व पेन्सिल यांच्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. डॉक्टर माझ्या वयाचा. तो जनावरांचा डॉक्टर आहे आणि आमच्यात सर्वांत ताकदवान आहे. वायरमन सर्वांत धाकटा, वीज कंपनीत नोकरीला. खांबावर चढून चढून त्याच्या पोटऱ्या अशा झाल्या आहेत की आमच्याकडे बघून त्याला दया येत असावी, पण तो तसे दाखवत नाही, मला आदराने दादा म्हणतो. मी बँकेत रोखपाल आहे. दिवसभर काचेमागे बसून नोटा मोजणाऱ्या माणसाने चव्वेचाळिसाव्या वर्षी ट्रॅकवर जायचे ठरवले, तर तो चौथा असणार हे वेगळे सांगायला नको.

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, गिअर बदलता येत नाहीत आणि फ्रीव्हीलही नसते. मागचे चाक फिरते तोवर पायडल फिरतेच. उतारावर पाय स्थिर ठेवून निवांत घसरत जायची आपल्याला लहानपणापासून सवय असते. ती सवय इथे एकदा जरी वर आली, तरी सायकल मांडीला असा हिसका देते की माणूस हँडलवरून पुढे जायचाच बाकी राहतो. आमच्या सायकलींना पुढे 48 दात्यांची चकती आहे आणि मागे 15 दात्यांची, म्हणजे पायडलचा एक फेरा पूर्ण झाला की सायकल सुमारे 6.7 मीटर पुढे जाते. ताशी 40 किलोमीटरचा वेग ठेवायचा तर मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे मारावे लागतात, आणि तेवढा वेग सुटल्यापासून अखेरपर्यंत टिकला तर चार किलोमीटर बरोबर सहा मिनिटांत होतात. हा हिशेब मास्तरांचा. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या चौघांनी हेच अंतर 3 मिनिटे 40.730 सेकंदांत कापून जागतिक विक्रम केला, म्हणजे जागेवरून सुटूनही त्यांचा सरासरी वेग ताशी 65 किलोमीटरच्या वर होता, हेही मास्तरांनी वहीत लिहून ठेवले आहे. आम्हाला लाजवण्यासाठी लिहिले की हुरूप देण्यासाठी, हे त्यांनी सांगितलेले नाही.

ब्रेक नाही म्हटल्यावर ऐकणारा दचकतो. माझ्या आईने तर ‘मग थांबता कसं रे?’ असे विचारून सायकलीकडे अशा नजरेने पाहिले की जणू ती मारक्या बैलाची जोडी आहे. प्रत्यक्षात ट्रॅकवर ब्रेक नसणे हीच सुरक्षितता असते. पुढच्याच्या मागच्या चाकापासून माझे पुढचे चाक वीतभर अंतरावर असते; त्याने अचानक ब्रेक दाबला तर मी त्याच्यावर आदळणारच. ब्रेकच नसल्यामुळे कुणाचाही वेग एकाएकी कमी होऊ शकत नाही आणि म्हणून वीतभर अंतरावर विश्वास ठेवता येतो. ते वीतभर अंतर मौजेसाठी नसते. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ताकद आठपट लागते. तो भार पुढचा एकटा उचलतो आणि मागच्यांना त्याच्या आडोशाला बरेच कमी श्रम पडतात. म्हणूनच पुढचा माणूस ठरावीक अंतर खेचून झाले की वळणावर उजवीकडे, उताराच्या वरच्या अंगाला, बाजूला होतो, बाकीच्यांना खालून पुढे जाऊ देतो आणि खाली उतरून शेवटच्याच्या मागे लागतो. हे चांगले जमले की वरून पाहणाऱ्याला चौघांची एकच वस्तू फिरते आहे असे वाटते. आमचे तसे कधी वाटले असेल, अशी मला शंकाही नाही.

मराठवाड्यात वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतीचा ट्रॅक, नाही. आम्ही सराव करतो तो छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रुंद रस्त्यांवर, रविवारी पहाटे, कंटेनर आणि कामगारांच्या बसगाड्या सुरू होण्याच्या आधी. रस्त्यावर ब्रेकशिवाय उतरणे म्हणजे स्वतःसह दुसऱ्याचाही जीव धोक्यात घालणे, म्हणून तिथे आम्ही पुढच्या चाकाला एक ब्रेक बसवतो आणि ट्रॅकवर जाताना काढतो. मात्र या सरावात एक खोट राहून जाते, ती आम्हाला फार उशिरा कळली. ट्रॅकवर बाजूला व्हायचे ते उजवीकडे. आपल्या रस्त्यावर उजवीकडे झालो तर मागून येणाऱ्या टेम्पोच्या पुढ्यात, म्हणून आम्ही डावीकडे, कडेच्या पट्टीवर, बाजूला होत असू. दीड वर्ष अशी सवय लावून आम्ही बालेवाडीला गेलो.

बालेवाडी, म्हणजे पुण्याचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभे राहिले. तिथल्या ट्रॅकवर एका सकाळी हौशी सायकलस्वारांना सराव करायला मिळणार होता. तो जूनचा पहिला आठवडा होता. रात्री दोनला डॉक्टरच्या जीपच्या टपावर सायकली बांधून निघालो, सुमारे 240 किलोमीटर, नेवासा फाट्याला चहा. वाटेत मास्तर मला काळ्या रेषेचे महत्त्व समजावत होते. ट्रॅकच्या आतल्या कडेपासून 20 सेंटीमीटरवर एक काळी रेषा असते आणि ट्रॅकची लांबी त्या रेषेवर मोजलेली असते. ‘रेषेच्या एक मीटर वर राहिलास की प्रत्येक फेरीला सव्वासहा मीटर फुकट गेले. ट्रॅक मोठा असो की लहान, तेवढेच. दोन पाय.’ मी म्हटले, ‘दोनच पाय आहेत मास्तर, तेच तर रडणं आहे.’ ते हसले नाहीत. त्यांचा पाय वर्तुळाच्या सूत्रातला होता, आणि गणिताच्या बाबतीत ते विनोद चालवून घेत नाहीत.

उंच वळण पहिल्यांदा जवळून पाहिले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. 250 मीटरच्या लाकडी ट्रॅकवर वळणांचा उतार 42 ते 45 अंशांपर्यंत असतो, हे वाचून माहीत होते. उघड्यावरचा सिमेंटचा ट्रॅक त्याच्या तुलनेत सौम्य म्हणतात. पण खाली उभे राहून वर पाहिले की सौम्य वगैरे काही वाटत नाही, धरणाच्या भिंतीवर सायकल चालवायला सांगितल्यासारखे वाटते. वेग असेल तर ती भिंत तुम्हाला धरून ठेवते. वेग कमी पडला की चाक खाली सटकते. भीतीने हळू जाणाऱ्याला जास्त धोका, ही गोष्ट डोक्याला पटते पण पायांना पटायला वेळ लागतो. मला पंधरा फेऱ्या लागल्या.

चार किलोमीटरची एकच पूर्ण फेरी आमच्या नशिबात होती. पहिल्या खेचण्यानंतर मास्तर शेंद्र्याच्या सवयीने डावीकडे, म्हणजे ट्रॅकच्या आतल्या सपाट पट्टीकडे, वळायला निघाले आणि डॉक्टरने मागून अशी आरोळी ठोकली की बाहेर उभे असलेले दोन पोरगेही दचकले. मास्तर सावरले, उजवीकडे गेले, आणि तिथून पुढे सगळे बरे चालले, निदान त्यांचे. तिसऱ्या किलोमीटरला पुढच्या चाकाचे आणि माझ्या चाकाचे अंतर वितीचे हातभर झाले, मग सायकलभर, आणि एकदा सायकलभर झाले की ते पुन्हा भरून निघत नाही, कारण आडोसा गेलेला असतो आणि आता पुढच्यांइतकीच हवा मलाही कापायची असते, तीही संपलेल्या पायांनी. त्यांच्या पाठी वळणाआड गेल्या. तिसऱ्याचे चाक रेषेवर आले तेव्हा मास्तरांच्या घड्याळात 6 मिनिटे 21 सेकंद झाले होते. मी त्यानंतर किती वेळाने आलो ते कुणी मोजले नाही. नियमाप्रमाणे मोजायचे कारणही नव्हते. मला वाईट वाटले नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल.

दुसऱ्या फेरीची तयारी चालली होती तोच ढग आले. पाच मिनिटांची सर पडली असेल, त्याहून जास्त नाही. आपल्याकडे तेवढ्या पावसाला कुणी पाऊस म्हणत नाही. पण सिमेंटचे तिरके वळण ओले झाले की बारीक, टणक टायरला धरायला काही उरत नाही. ट्रॅक बंद झाला. पाऊस थांबल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून पोत्यांनी आणि फडक्यांनी वळणे पुसली, उन्हाची वाट पाहिली, ऊन आले, ट्रॅक पांढरा पडू लागला, आणि पुन्हा सर आली. दिल्लीत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी इंदिरा गांधी संकुलात छताखाली लाकडी ट्रॅक बांधला. 2022 मध्ये तिथेच मणिपूरच्या रोनाल्डो सिंगने आशियाई ट्रॅक सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धेत स्प्रिंटचे रौप्य जिंकले, आणि वरिष्ठ गटात त्या प्रकारात आशियाई पातळीवर रौप्य मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला. उघड्या ट्रॅकवर मात्र शर्यत कुणाशीही असो, शेवटचा शब्द आभाळाचा. तीन तास पायऱ्यांच्या आडोशाला बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपवली, मग ठेचा नुसताच बोटाने चाटला, आणि दुपारी परत निघालो. 480 किलोमीटर जाऊन-येऊन, सहा मिनिटे एकवीस सेकंद.

येताना वायरमन म्हणाला, ‘पावसाने घाण केली सगळी.’ मास्तरांनी त्याला गप्प केले. आमच्या भागात पावसाला नावे ठेवायची नसतात. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते बघितलेली माणसे आम्ही. एक मात्र खरे, पावसाला नावे न ठेवण्याची ही रीतसुद्धा सप्टेंबर 2025 मध्ये टिकली नाही. सिंदफणेला पूर आला तेव्हा डॉक्टरच्या सासुरवाडीची कपाशी बोंडांसकट पाण्याखाली गेली, आणि तो स्वतः पंधरा दिवस वाहून गेलेल्या आणि दावणीला बुडालेल्या जनावरांचे पंचनामे करत गावोगाव फिरत होता. त्या काळात आम्ही सायकलींना हात लावला नाही. पावसात सायकल चालवण्याच्या गमतीजमती मी पुढे सांगणार आहे, त्या वाचताना ही दुसरी बाजूही लक्षात असू द्यावी, एवढ्यासाठी हे लिहिले.

बालेवाडीनंतर काही दिवस मी जरा तुटक वागत होतो. शेंद्र्याला जात होतो, पण शेवटी सुटत होतो आणि आधी घरी येत होतो. मग ऑक्टोबरात परतीच्या पावसाच्या दिवसांत एका रविवारी डॉक्टरने म्हैसमाळचा बेत काढला. गिअरच्या साध्या सायकली घेऊन, कुठेही घड्याळ नाही, शहरातून दौलताबाद, तिथून घाट चढून खुलताबाद आणि पुढे म्हैसमाळ. जाऊन-येऊन पाऊणशे किलोमीटरच्या पुढे. सकाळी निरभ्र होते. दौलताबादच्या जुन्या दरवाज्याखालून जाताना सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायांपैकी एक म्हणाली, ‘दुपारून पाऊस यायलाय बरं का, लवकर या.’ चौघांपैकी तिघांनी मोबाइलवर हवामान बघितले होते आणि तिघांनाही ते स्वच्छ दिसले होते. आम्ही मोबाइलवर विश्वास ठेवला.

वर गिरिजादेवीचे दर्शन घेऊन, चहा-भजी करून निघेपर्यंत दूरदर्शनच्या मनोऱ्यामागचे आभाळ शाईसारखे झाले होते. पहिली वीज चमकली तेव्हा मास्तरांनी सवयीने मोजायला सुरुवात केली. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. पहिली पंधरा मोजून झाल्यावर गडगडली, म्हणजे पाच किलोमीटर. आम्ही उताराला लागलो. पुढची दहा. मग सहा. तोवर पावसाने आम्हाला गाठले होते. डॉक्टर रस्त्याकडेच्या मोठ्या चिंचेखाली शिरला आणि मीही त्याच्यामागे गेलो, कारण पुढच्याच्या चाकामागे जायचे एवढेच मला दीड वर्ष शिकवलेले होते.

वायरमन ओरडला. इतक्या वर्षांत तो आमच्यावर पहिल्यांदाच ओरडला असेल. ‘दादा, झाडाखालून निघा! डॉक्टरसाहेब, निघा म्हणतो ना!’ आजूबाजूला घर नव्हते, मोटार नव्हती, साधा पत्र्याचा आडोसा नव्हता. पक्के छप्पर मिळाले असते तर तेच उत्तम, हे त्यानेच नंतर सांगितले. नाइलाजाने त्याने आम्हाला सायकली रस्त्याकडेला आडव्या टाकायला लावल्या, झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब, कपाशीच्या रानातल्या खोलगट भागात नेले आणि एकमेकांपासून वीस-वीस पावलांवर पाय जुळवून उकिडवे बसवले. एकत्र बसू नका, एकावर पडली तर बाकीचे त्याला उचलायला राहिले पाहिजेत, असे तो इतक्या सरळ आवाजात म्हणाला की मला पावसापेक्षा त्या वाक्याने जास्त थंडी वाजली. शाळेतल्या शिक्षेसारखे आम्ही चौघे रानात बसलो होतो, आणि मध्येच मास्तरांचा मोजण्याचा आवाज येत होता. चार. सात. बारा. अठरा मोजून झाल्यावरही वायरमनने उठू दिले नाही. तीस ओलांडले, त्यानंतरही बराच वेळ काही गडगडले नाही, तेव्हा उठलो.

त्या रानातून रस्त्यावर परत यायला वीज पडण्याइतकाच त्रास झाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. आमची काळी माती ओली झाली की पायाला सोडत नाही. प्रत्येक पावलाला बुटाखाली एकेक थर वाढत जातो आणि वीस पावलांत माणूस चार बोटे उंच होतो. सायकलच्या बुटांच्या तळाला पायडलमध्ये अडकवायची पट्टी असते, ती मातीत पार बुजली. बांधावर गेल्या वर्षीच्या पऱ्हाटीचा ढीग होता. त्यातल्या काड्या मोडून आम्ही बूट कोरत बसलो. डॉक्टर म्हणाला, ‘बैलाचे खूर साफ करायची सवय आहे, आण इकडे,’ आणि माझे बूट त्याने माझ्या आधी साफ केले.

पावसात एकमेकांमागे कसे जायचे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. पुढच्याच्या चाकाने उडवलेले गढूळ पाणी थेट तोंडावर येते, म्हणून त्याच्या सरळ रेषेत न राहता हातभर बाजूला राहायचे. ओले रिम कोरडे व्हायला वेळ लागतो, ब्रेक दाबल्यावर पहिला क्षणभर काहीच होत नाही, म्हणून वितीचे अंतर दोन-तीन सायकलींइतके करायचे. पांढऱ्या पट्ट्या, लोखंडी झाकणे आणि सांडलेल्या डिझेलचा इंद्रधनुष्यी डाग यांच्यावर वळायचे नाही. हे सगळे मला खुलताबादहून दौलताबादकडे घाट उतरताना मास्तर पुढून ओरडून सांगत होते. मी ऐकत होतो, आणि तरीही डॉक्टरच्या चाकाला चिकटून चाललो होतो. बालेवाडीला अंतर पडले म्हणून मागे राहिलो होतो. आता पुन्हा पडू द्यायचे नाही, असे काहीतरी डोक्यात बसले असावे.

वळणावर म्हशी घरी परतत होत्या. डॉक्टरने ब्रेक लावला. मी त्या वेळी डोळ्यांतले पाणी झटकायला मान खाली घातली होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली याच टीम परसूटमध्ये डेन्मार्कचा गडी मान खाली घालून इतक्या जोरात चालला होता की संघापासून मागे पडलेल्या ब्रिटिश स्वारावर तो मागून जाऊन आदळला. ते चित्रण मास्तरांनी आम्हाला तीनदा दाखवले होते. तीनदा बघूनही उपयोग झाला नाही. माझे पुढचे चाक डॉक्टरच्या मागच्या चाकाला घासले आणि मी डावीकडे पडलो. वेग फार नव्हता. कोपर आणि गुडघा सोलवटला, हँडल वाकडे झाले. डॉक्टरने आधी म्हैस पाहिली, तिला काही झाले नाही अशी खात्री केली आणि मग तो माझ्याकडे आला. पिशवीतून औषध काढून जखम धुताना मी ओरडलो तर म्हणाला, ‘गप बस लेका. म्हशी एवढ्या ओरडत नाहीत.’

दौलताबादला पोहोचलो तेव्हा वायरमनचा फोन वाजू लागला. वादळात तारा तुटल्या होत्या, दोन-तीन गावे अंधारात होती, आणि त्याला कामावर बोलावले होते. इथून शहर साधारण पंधरा किलोमीटर. तो एकटा सुटला असता तर अर्ध्या तासात पोहोचला असता, आणि आम्ही त्याला तेच सांगितले. त्याने फोनवर ‘पाऊण तासात येतो’ म्हटले, फोन पिशवीत गुंडाळून ठेवला आणि पुढे येऊन उभा राहिला.

वारा उजवीकडून येत होता, जोराचा आणि अंगात शिरणारा. उजवीकडून वारा असला की सरळ मागे राहून आडोसा मिळत नाही. आडोसा पुढच्याच्या डाव्या बाजूला तिरका पडतो, म्हणून रांगही तिरकी करावी लागते. पण रस्त्याची रुंदी ठरलेली, त्यामुळे तिरकी रांग दोघा-तिघांत संपते आणि शेवटच्याला डांबराच्या कडेला, खडी आणि पाणी यांच्यात, वारा खात चालावे लागते. ती जागा माझीच होती, चौथ्याची. मास्तरांनी मला हाताने आत ढकलले आणि स्वतः कडेला गेले. मी ‘नको, मास्तर’ म्हटले, पण त्यांनी ऐकल्यासारखे केले नाही. वायरमनने सगळे पंधरा किलोमीटर एकट्याने खेचले. मध्ये मध्ये मान वळवून तो पाहत होता. दोनदा अंतर वाढले तेव्हा त्याने वेग कमी केला. ब्रेक न लावता, नुसता पायांचा जोर सोडून, ट्रॅकवर करतात तसा. शहराच्या हद्दीत शिरताच हात वर करून तो पुढे गेला. रात्री साडेअकराला त्याने गटावर उजळलेल्या एका गावाचा फोटो टाकला, खाली काही लिहिले नव्हते.

मास्तरांच्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे. घड्याळ न्यायचे नाही असे ठरले होते, पण ते नेणार हे आम्हालाही ठाऊक होते. ‘म्हैसमाळ. विजा, 40 मिनिटे बसून. एक पडला. 7 तास 10 मिनिटे.’ मी विचारले, ही वेळ कुणाची? वायरमन तर माझ्या दहा मिनिटे आधी पोहोचला होता. ते म्हणाले, रस्त्यावरच्या नोंदीत शेवटच्याची धरतो. ‘कधीपासून?’ ‘पहिल्यापासून. मागची पाने बघ.’ मी पाहिली. खरेच होते. दीड वर्षाच्या नोंदी होत्या, आणि शेंद्र्याच्या प्रत्येक रविवारी माझ्या आगमनाची वेळ अगदी सेकंदांसकट लिहिलेली होती.

जानेवारीत पुन्हा बालेवाडीला जायचे ठरले आहे. तेव्हा आभाळ कोरडे असते. गेल्या रविवारी शेंद्र्याला चहाच्या गाड्यावर मास्तरांनी क्रम लिहिला: वायरमन, मास्तर, मी, डॉक्टर. मला वाटले लिहिताना चूक झाली. डॉक्टरने वडापाव चावत सांगितले की चूक नाही, त्यानेच तसे मागून घेतले आहे. पहिले अडीच किलोमीटर तो लांब-लांब खेचणार, अंगात आहे तेवढे सगळे संपवणार आणि वर कठड्याला जाऊन उभा राहणार. नियमात ते बसते, जगातले मोठे संघही तसे करतात. उरलेले तिघे रेषेपर्यंत जातील. म्हणजे घड्याळ आता माझ्या चाकावर थांबणार. मी म्हटले, ‘अरे, मला जमायचं नाही.’ डॉक्टर म्हणाला, ‘तुला उशीर होईल तेवढा आम्हाला होईल. दुसरं काय?’ मास्तरांनी वही मिटली आणि पुढची फेरी सुरू करायला शिट्टी वाजवली.